दोन बोटं वाढीव

४ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तुझं बोलणं मला निम्मं ऐकू येतं आणि माझं सगळ्या गल्लीला. त्यापेक्षा आपलं कागद-पेन बरं.

काम असं आहे. तुझा भाचा नऊ एप्रिलला बोटीवरून उतरतोय आणि चौदाला परत चढतोय. मधे त्याची डॉक्टरी तपासणी, कागदपत्रं, सूनबाईच्या माहेरी एक चक्कर. उरला एकच दिवस, शनिवार बारा तारीख. त्या दिवशी आम्ही पाच जण तुझ्या पार्कात येणार. मी, तुझी वहिनी, मुलगा, सूनबाई आणि आमची मुंगी.

मुंगी आता सात वर्षांची झाली. मागच्या खेपेला बाप निघाला तेव्हा ती दारात आडवी पडली होती, ते तुला सांगितलं होतं मी. तेव्हा त्याने तिला शब्द दिला, की पुढच्या वेळी आलो की आपण दोघं गरुडझेपेत बसायचं, पहिल्या डब्यात. दीड वर्ष ही पोरगी त्या एका शब्दावर आहे. बापाचा फोन आला की दुसरं बोलणंच नाही. कपाटाच्या दाराला आतून त्या गरुडझेपेचं चित्र चिकटवलंय, त्यामुळे माझा शर्ट काढायला गेलो तरी ती उलटी लटकलेली माणसं आधी दिसतात.

चौदाला तो गेला की पुन्हा दीड वर्ष दिसायचा नाही. तेव्हा हा दिवस वाया जाऊन चालणार नाही. कापड एकदा कापलं की कापलं. तू तिथे सहा वर्षं आहेस, तुला सगळं ठाऊक. गर्दी कशी असते, सुरुवात कुठून करायची, काय टाळायचं, सविस्तर लिही. मी आराखडा करायला घेतलाय. वहिनी म्हणते, अहो, फिरायला चाललोय की शाळेचे दोनशे गणवेश शिवायला?

तुझा दादा


१५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र वाचून इतकी खूश झाले की जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. गणवेशाचा भाग दोनदा.

आता नीट लक्ष देऊन वाच. दार नऊला उघडतं असं पाटीवर आहे, पण पावणेनऊलाच आत सोडायला लागतात. तुम्ही साडेआठला दारात हवेत. आत आलात की सगळी माणसं उजवीकडे वळतात, कारण तिकडे कारंजं आहे आणि जो तो फोटो काढायला धावतो. तुम्ही डावीकडे वळा. पाण्याच्या खेळांकडे सकाळी फिरकू नका, वहिनी दिवसभर ओल्या कपड्यांत शिंकत बसेल. रांगेच्या पाटीवर चाळीस मिनिटं लिहिलेली असली की तास धरायचा. साडेबाराला सगळे जेवायला तुटून पडतात, म्हणून तुम्ही साडेअकराला डबा उघडा. माझीही सुट्टी तेव्हाच असते. धुलाईघराच्या मागे सावलीत एक बाक आहे, तो फक्त आम्हा कामवाल्यांना माहीत आहे. कुणी चुकलं-माकलं तर निळ्या छत्रीच्या दुकानापाशी थांबायचं, हे मुंगीकडून पाठ करून घे.

आणि गरुडझेप. तुला वाटतं मी तिकिटं फाडते, पण गेली दोन वर्षं मी गरुडझेपेच्या फाटकावर आहे. पोरांची उंची मोजते. खांबाला एक आडवी दांडी आहे, बरोबर एकशे वीस सेंटीमीटरवर. बूट काढून खाली उभं राहायचं, डोकं दांडीला टेकलं तर आत, नाही तर परत. म्हणून आधी मुंगीची उंची कळव. खरीखुरी.

बारा तारखेची सुट्टी टाकते, म्हणजे तुमच्याबरोबर फिरता येईल. तू आलास की मला ओळखशील ना रे? पाच वर्षं झाली भेटून. मधल्या मापाचे गणवेश संपले होते म्हणून मला मोठा दिलाय, त्याच्या बाह्या मी दोनदा दुमडते. कुणी बाह्या सारत उभी दिसली तर ती मी.

तुझं शेंडेफळ


२६ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

आराखडा तयार आहे. पहाटेची पाचची बस. साडेआठला दारात. आत शिरताच डावीकडे. नऊ वाजून दहा मिनिटांनी गरुडझेप, म्हणजे दिवसाचं मुख्य काम आधी उरकलं. साडेअकराला धुलाईघराचा बाक. वहिनीच्या गुडघ्यांसाठी दर तासाला दहा मिनिटं बसायचं धरलंय. सूनबाईला फक्त सावलीत बसून थंड काहीतरी प्यायचंय आणि कुणी तिला ‘चल चल’ म्हणायचं नाही, एवढीच तिची मागणी. तेही धरलंय. बाथरूमला कुणी कधी जायचं हे लिहायला घेतलं तेव्हा मात्र वहिनीने कागद ओढून घेतला.

मुंगीची उंची टेपची उलटी, सेंटीमीटरची बाजू लावून घेतली. एकशे वीस आणि वर थोडं. बिनबुटाची. तेव्हा ती काळजी मिटली. मुंगी म्हणून हाक मारली की आता ती नाक फुगवते. म्हणते, मी एकशे वीसची आहे, मला मुंगी म्हणू नका.

तू बरोबर असलीस म्हणजे दुधात साखर.

तुझा दादा


८ मार्च

प्रिय दादा,

सुट्टी मिळाली नाही. शनिवार, परीक्षा संपलेल्या, वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा. सुपरवायझरबाईंनी मान वर न करताच नाही म्हटलं. त्या दिवशी मी फाटकावरच असेन. म्हणजे मुंगी माझ्याच समोर येऊन उभी राहणार.

म्हणून विचारते, रागावू नकोस. मुंगीचं माप पुन्हा घे. भिंतीला टाच लावून, डोक्यावर वही आडवी धरून, पेन्सिलीने खूण करून. तू टेप लावतोस तेव्हा तुझा हात कसा चालतो ते मला माहीत आहे, दादा. माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मी इतकी मागे का लागले आहे तेही सांगते. मी फाटकावर नवीन असताना एक गृहस्थ आपल्या पुतणीला घेऊन आले. पोरगी बोटभर कमी होती. ते हात जोडायला लागले, मागची रांग ओरडायला लागली, मी म्हटलं जाऊ दे बाई, आणि सोडलं. पहिल्याच उतारावर मांडीवरच्या दांड्याखालून ती सरकली. निम्मी बाहेर. गाडी चालवणाऱ्याने बघितलं आणि थांबवली म्हणून वाचली. तिला खरचटलंही नाही, पण मी घरी जाऊन दोन दिवस जेवले नव्हते. मला कामावरून काढलं नाही, त्याच फाटकावर ठेवलं. म्हणाले, आता तुझ्याइतकं नीट कुणी मोजणार नाही. खरंच आहे ते.

कमी भरली तर आभाळ कोसळणार नाही. गरुडझेपेच्या पलीकडे डोंगरगाडी आहे. तिला एकशे पाच पुरतात. दोघं शेजारी शेजारी बसतात, बोगदा आहे, एका वळणावर सगळे हमखास किंचाळतात. मी त्यातून बारा वेळा गेले आहे. फक्त मुंगीला घरीच सांगून ठेव. दीड वर्ष वाट बघितलेल्या पोरीला ते माझ्या तोंडून फाटकावर कळू देऊ नकोस. एवढं माझं ऐक.

तुझं शेंडेफळ


१७ मार्च

चि. शेंडेफळ,

सत्तेचाळीस वर्षं टेप माझ्या गळ्यात आहे. आजवर एका गिऱ्हाइकाने माप चुकलं म्हणून कापड तोंडावर फेकलेलं नाही. आता तू मला भिंत, वही आणि पेन्सिल शिकव.

तुझ्या त्या पुतणीचं वाचून वाईट वाटलं. पण ती वेगळी, ही वेगळी. मुंगी रोज सकाळी दाराच्या चौकटीला दहा मिनिटं लटकते, दूध न कुरकुरता पिते. तिला मी सांगितलंय की ती एकशे वीस आहे, आणि ते मी परत घेणार नाही. डोंगरगाडीचं नावही तिच्यासमोर काढणार नाही. तिच्या बापालाही मी तसंच कळवलंय.

घरचं माणूस फाटकावर आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण असो.

दादा


२५ मार्च

प्रिय दादा,

घरचं माणूस फाटकावर आहे म्हणूनच तुला दोनदा लिहिलं. फाटकावर मी कुणाची आत्या नाही आणि कुणाची आत्याआजी नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, मग म्हणशील सांगितलं नाही.

उन्हाच्या टोप्या आणा. साडेअकराला बाकावर वाट बघते. मी घरून पाच जणांना पुरेल एवढं करून आणणार आहे, तेव्हा वहिनीला म्हणावं तू काही करत बसू नकोस.

तुझं शेंडेफळ


१४ एप्रिल

प्रिय दादा,

आज भाचा बोटीवर चढला असेल. त्याला फोन केला होता, लागला नाही. तुझ्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नाही आणि तू बोलशील असंही वाटत नाही. म्हणून लिहिते.

तुम्ही नऊ वाजून बारा मिनिटांनी आलात. आराखड्यापेक्षा फक्त दोन मिनिटं उशिरा. मुंगी बापाचा हात धरून नुसती उड्या मारत होती. मला बघून ‘आत्याआजी!’ म्हणून ओरडली, आणि लगेच आपण होऊन बूट काढले. तिला सगळं पाठ होतं. खांबाला टाचा लावल्या, श्वास रोखला, मान ताणली. दांडी आणि तिच्या केसांमध्ये दोन बोटं जागा राहिली. मी बोटं घालून बघितली, दादा. दोनदा. तिसऱ्यांदा बघायचं धाडस झालं नाही.

भाचा हळूच म्हणाला, ‘आत्या, एकदाच. परवा मी जातोय.’ मागून कुणीतरी म्हणालं, अहो सोडा की, पोर आहे. मी नाही म्हटलं. तेवढंच म्हणाले, कारण दुसरं काही बोलले असते तर मला रडू फुटलं असतं. मुंगी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती तुझ्याकडे बघत होती. आणि तू वळून चालायला लागलास.

साडेअकराला मी बाकावर बसले. पाच जणांचे डबे मांडून. बारापर्यंत वाट बघितली आणि मग सगळे डबे धुलाईघरातल्या बायकांना वाटले. डोंगरगाडीवर जी चष्मेवाली असते तिने नंतर सांगितलं की तुम्ही तिकडे आला होतात. पहिला डबा राखून ठेव असं मी तिला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं. तेवढंच माझ्या हातात होतं.

आता जे कधी बोलले नाही ते बोलते. तुझं ‘एकशे वीस आणि वर थोडं’ वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की ती एकशे सतरा-अठरा असणार. बाबा गेल्यावर माझे सगळे कपडे तू शिवलेस. मी चार वर्षांची आणि तू सोळाचा. एक फ्रॉक तीन वर्षं पुरायला हवा, म्हणून तू नेहमी दोन बोटं वाढीव धरायचास, कधी चार. पहिल्या वर्षी तो माझ्या पोटऱ्यांवर लोंबायचा आणि मुली हसायच्या. दुसऱ्या वर्षी जरा बरा. अंगाला नीट बसायला लागायचा तेव्हा तो विटलेला असायचा आणि कोपरावर विरलेला. मला त्या-त्या वर्षाच्या मापाचं कधी काही मिळालंच नाही. मी तक्रार करत नाही. तू स्वतः दोन शर्टांवर वर्ष काढायचास, मला माहीत आहे. पण मुंगीला तरी आज आहे तेवढीच राहू दे की. एकशे अठराची पोरगी काय वाईट आहे?

उत्तर दे. शिव्या घाल, पण दे.

तुझं शेंडेफळ


२० मे

प्रिय शेंडेफळ,

पाच आठवडे लागले. तुझं पत्र मशीनच्या खणात होतं. रोज खण उघडायचो, बॉबिन काढायची आणि बंद करायचो. शेवटी वहिनी म्हणाली, तुम्ही लिहीत नसाल तर मी लिहिते, आणि मी लिहिलं तर काय लिहीन ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून बसलो.

फेब्रुवारीत टेप लावली तेव्हा मुंगी एकशे सतरा होती. शपथेवर सांगतो, एकशे वीस लिहिताना आपण खोटं लिहितोय असं मला वाटलंही नाही. पोराचं माप घेतलं की बोटं आपोआप पुढे सरकतात. दोन महिने आहेत, वाढेल, असं हातानेच ठरवलं. तुझं आठ मार्चचं पत्र आलं तेव्हा मात्र ती शाळेतून आल्यावर मी गुपचूप मोजली. तू सांगितलंस तशी. भिंत, वही, पेन्सिल. एकशे अठरा. आणि त्यानंतर तुला ते फणकाऱ्याचं पत्र लिहिलं. ते खोटं होतं. ते जाणूनबुजून होतं. ते माझ्या पदरात घाल.

फाटकावरून मी तुझ्या रागाने वळलो असं तुला वाटलं असेल. मुंगी माझ्याकडे बघत होती ना, तिच्या नजरेला नजर देता येईना, म्हणून वळलो. साडेअकराला बाकाकडे मुलगा म्हणाला जाऊ या, वहिनी म्हणाली जाऊ या, मीच म्हटलं नको. तुझ्यासमोर बसून तुझ्या हातचं खायची माझी हिंमत नव्हती. पाच जणांना मी उपाशी ठेवलं, सहावी तू.

आता डोंगरगाडीचं ऐक. मुंगी हुंदके देत तिथे पोचली. त्या चष्मेवाल्या बाई तिला म्हणाल्या, ‘मुंगी तूच ना? पहिला डबा तुझ्यासाठी थांबलाय.’ पोरीचे हुंदके जागच्या जागी थांबले. बापलेक पाच वेळा बसले. पाचव्या खेपेला माझा मुलगा असा काही किंचाळला की सूनबाईच्या हातातलं सरबत सांडलं. परतीच्या बसमध्ये मुंगी बापाच्या मांडीवर झोपली होती. मी समजलो गाढ झोपली. तर डोळे न उघडताच म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही माझं पुढच्या वर्षीचं माप सांगितलंत.’

रागाने नाही, नुसतं सांगितलं. आणि घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तुझं पत्र, त्यातही तेच. एक सात वर्षांची आणि एक एक्कावन्न वर्षांची, दोघींनी मिळून माझे कान उपटले. तुझ्या फ्रॉकचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं गं. मला वाटायचं मी तुझं भलं करतोय. मुली हसायच्या हे तू तेव्हा का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी रात्रीतून उसवून छोटा केला असता.

या पत्राबरोबर एक पार्सल आहे. त्या दिवशी फाटकावर मी मान खाली घालून उभा होतो, पण शिंपी आहे, डोळे काही बंद नव्हते. त्या ढगळ शर्टात तू दर दोन मिनिटांनी बाह्या वर सारत होतीस आणि मला ते बघवत नव्हतं. रंग डोक्यात ठेवला होता. तसलं कापड तिसऱ्या दुकानात मिळालं. बटणं जरा गडद आहेत, तुझ्या सुपरवायझरबाईंना चालतात का बघ. माप नजरेचं आहे. खांदा, छाती, बाही, जसं दिसलं तसं धरलं. बोटं दोनदा पुढे सरकली, दोनदा मागे घेतली. यात वाढीव काही नाही.

मुंगी आज एकशे अठरा आणि अर्धा आहे. आजची. तिने स्वतः भिंतीवर लिहिलंय, खाली तारीख घालून.

तुझा दादा


२ जून

प्रिय दादा,

पार्सल शनिवारी मिळालं. आज सकाळी शर्ट घातला. सुपरवायझरबाई बघत राहिल्या, मग म्हणाल्या, बटणं जरा गडद आहेत, पण राहू दे. आणि पुढे विचारलं, तुझे दादा आमच्या सगळ्या बायकांचे शिवतील का? मी म्हटलं, ते भांडण झालं की शिवतात, आणि एका वेळी एकीशीच भांडतात.

मुंगीला सांग, तिचा बाबा परत येईल तेव्हाही मी इथेच असेन. त्या दिवशी जेवढी असेल तेवढी घेऊन ये. टेकली तर गरुडझेप, नाही टेकली तर डोंगरगाडीचा पहिला डबा. पण त्यानंतर साडेअकराला बाकावर सगळे. यातून सुटका नाही.

नऊला फाटक उघडलं. रांग नेहमीची, पन्नास-साठ माणसं. पहिलं पोर समोर आलं आणि माझा हात सवयीने बाही वर सारायला गेला. सारायला काही नव्हतंच. बाही मनगटापाशी बरोबर थांबली होती. मी तिथेच रडायला लागले, दादा, सगळ्या रांगेदेखत. पोर घाबरून आईकडे बघायला लागलं. मग मी नाक पुसलं आणि त्याला म्हटलं, बूट काढ राजा, आणि ताठ उभा राहा.

तुझं शेंडेफळ